क म्हणजे उभी रेघ

मोठ्या बाबांच्या सात फ्लॉप्यांपैकी पाच वाचल्या. दोन्ही अर्थांनी. उरलेल्या दोनांच्या तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते, त्या ड्राइव्हमध्ये घातल्या असत्या तर ड्राइव्हही गेला असता. पाचांपैकी पहिलीवर एकच मोठी फाइल होती, १९९३ची. ती मी डॉसबॉक्समध्ये उघडली आणि पडद्यावर एक नकाशा उमटला. उभ्या रेघा, आडव्या रेघा, दुहेरी रेघांचे कोपरे, मध्येच एखादा पांढराधोप ठोकळा, एखादं ग्रीक अक्षर. एखाद्या वाड्याचा आराखडा कुणीतरी फाडून, तुकडे उधळून टाकावेत तसं.

ती मराठी होती. देऊळघाटची मराठी.

आमचं देऊळघाट बुलढाणा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. मोठे बाबा (माझ्या वडिलांचे थोरले भाऊ) शाळेत शिक्षक होते आणि त्यांना शब्द जमवायचा नाद होता. तिफन, चाडं, डवरा, धुरा, कुटार, पऱ्हाटी. घरातले इस्तो, सांबार. शब्द, अर्थ, कुणाच्या तोंडून ऐकला ते. वह्या भरल्या तेव्हा बुलढाण्याला एका ओळखीच्या टायपिंगवाल्याकडून त्यांनी शेतीचा भाग टाइप करून घेतला. घरातल्या शब्दांचा भाग १९९९ साली, दुसऱ्या दुकानात झाला. पुस्तक काही निघालं नाही. वह्या माळ्यावर गेल्या आणि तिथे वाळवीने त्या आमच्याआधी वाचून संपवल्या. उरल्या या फ्लॉप्या, आणि घरात सॉफ्टवेअरवाला मी एकटाच.

मला वाटलं होतं, एका संध्याकाळचं काम. जुनं सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालवणं हा आता सुटलेला प्रश्न आहे असं आमच्या धंद्यात सगळे धरून चालतात. एम्युलेटर घ्यायचा, जुना प्रोग्राम आत टाकायचा, झालं. एम्युलेटर म्हणजे बहुरूपी. नवं यंत्र जुन्या यंत्राचं सोंग घेतं. जुन्या प्रोसेसरचा प्रत्येक हुकूम वाचून, तो जे करायचा तेच स्वतःच्या पद्धतीने करून दाखवतं. आतल्या प्रोग्रामला कळतही नाही की आपण १९९३मध्ये नाही.

ही कल्पना हौशी लोकांच्या खेळातून आली असं अनेकांना वाटतं, पण ती आली धंद्याच्या पोटदुखीतून. एम्युलेटर हा शब्द संगणकाच्या अर्थाने आयबीएममध्ये १९६३च्या सुमारास रुळला. कंपनी सिस्टम/३६० ही नवी मालिका काढत होती (ती एप्रिल १९६४मध्ये जाहीर झाली), आणि ती आधीच्या यंत्रांशी जुळणारी नव्हती. जुन्या यंत्रांवर वर्षानुवर्षं हिशेब लिहून ठेवलेले ग्राहक म्हणणार, सगळं नव्याने लिहायचंच तर दुसऱ्या कंपनीकडे का जाऊ नये? म्हणून नव्या यंत्रातच जुन्याचं सोंग घ्यायची सोय भरली गेली. खेळवाले पुष्कळ नंतर आले. आर्केडमधल्या यंत्रांसाठी मेम १९९७मध्ये, डॉसच्या खेळांसाठी डॉसबॉक्स २००२मध्ये. २०१५च्या सुरुवातीला इंटरनेट आर्काइव्हने दोन हजारांवर डॉस खेळ ब्राउझरमध्ये चालतील असे ठेवले, तेव्हा हा प्रश्न सुटला असं जगाने मनातल्या मनात जाहीर करून टाकलं. माझा लॅपटॉप चौसष्ट बिटांचा आहे, त्याचं विंडोज सोळा बिटांचा डॉस प्रोग्राम थेट चालवतच नाही. पण डॉसबॉक्समध्ये तोच प्रोग्राम मजेत चालतो.

मग माझ्या पडद्यावर रेघा का?

कारण मराठी त्या प्रोग्राममध्ये नव्हतीच. ती एका कार्डात होती.

त्या काळचा पीसी मजकूर दाखवायचा तो ऐंशी रकाने आणि पंचवीस ओळींच्या चौकटीत. प्रत्येक घरात एक चिन्ह, आणि चिन्हं एकूण २५६. त्यातली निम्मी इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं यांनी आधीच अडवलेली. देवनागरीला हे घर पुरत नाही. वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरली तर आकार कितीतरी होतात, शिवाय ते एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाशी बसतात. यावर आयआयटी कानपूरला सत्तरच्या दशकापासून काम चाललं होतं. १९८३ साली तिथल्या गटाने देवनागरीत चालणारा संगणक करून दाखवला. त्या गटातले मोहन तांबे पुढे पुण्याला सीडॅकमध्ये आले. १९८८मध्ये स्थापन झालेली सीडॅक लोकांना माहीत आहे ती विजय भटकर आणि परम महासंगणकासाठी. पण परम किती जणांनी डोळ्यांनी पाहिला? सरकारी कचेऱ्यांतून आणि टायपिंगच्या दुकानांतून जे पोचलं ते त्याच सीडॅकचं जिस्ट कार्ड.

जिस्ट कार्ड पीसीच्या आतल्या खाचेत बसायचं आणि प्रोग्राम व पडदा यांच्या मधे उभं राहायचं. डीबेस, लोटस, वर्डस्टार यांना मराठीचा गंधही नसला तरी चालायचं. ते आपले अंक पाठवत राहायचे, कार्ड ते अंक मधेच पकडून त्यांची जोडलेली देवनागरी अक्षरं करून पडद्यावर टाकायचं. मला ही कल्पना आजही थोर वाटते. प्रत्येक प्रोग्रामला मराठी शिकवत बसण्यापेक्षा सगळ्यांसाठी मिळून एक दुभाषा ठेवून द्यायचा.

आता डॉसबॉक्स कशाकशाचं सोंग घेतो ते पाहा. प्रोसेसर, व्हीजीए, त्याआधीचे सीजीए आणि हर्क्युलिस, साउंड ब्लास्टर, ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड. म्हणजे खेळाला जे लागतं ते सगळं. जिस्ट कार्डाचं सोंग त्यात नाही. यात कुणाचा दुष्टावा नाही. बहुरूपी तीच सोंगं शिकतो जी पाहायला लोक दारात येतात. एम्युलेटर लिहिणारे बहुतेक जण फावल्या वेळात, प्रेमापोटी लिहितात, आणि लहानपणी त्यांचं प्रेम ज्याच्यावर बसलं ते साउंड ब्लास्टरचं संगीत होतं. बुलढाण्याच्या टायपिंगवाल्याच्या कार्डावर कोण प्रेम करणार? टायपिंगवाल्यानेसुद्धा विंडोज आल्यावर पहिल्यांदा ते कार्डच भंगारात दिलं असणार. आणि कार्ड हातात असल्याशिवाय, त्याच्या चिपांतला मजकूर उतरवून घेतल्याशिवाय, त्याचं सोंग लिहिणं म्हणजे न पाहिलेल्या माणसाची नक्कल करणं.

थोडक्यात, यंत्र जिवंत झालं, प्रोग्राम जिवंत झाला, भाषा तेवढी मेलेली.

पण या गोष्टीला इथे एक वळण आहे, आणि ते मला आधी ठाऊक नव्हतं. कार्ड गेलं तरी कार्डाकडे जाणारे अंक फाइलमध्ये तसेच होते, आणि त्या अंकांचा अर्थ कुणाच्या खिशात नव्हता. तो भारतीय मानक म्हणून छापलेला होता: आयएस १३१९४, सन १९९१, म्हणजेच इस्की. त्यात इंग्रजीला खालचे १२८ अंक तसेच ठेवले आणि वरच्या भागात भारतीय लिप्यांची वर्णमाला मांडली. क म्हणजे १७९, ख १८०, ग १८१, असं ओळीने. लिपी कुठलीही असो, क चा अंक एकच. आकार नोंदवायचे नाहीत, वर्ण नोंदवायचे. क्ष हा वेगळा आकार नाही, तो क, हलन्त आणि ष आहे: १७९, २३२, २१४. वेलांटी कागदावर आधी दिसली तरी फाइलमध्ये अक्षराच्या नंतर येते, कारण बोलताना ती नंतर येते.

पीसीच्या स्वतःच्या चिन्हांच्या यादीत १७६ ते २२३ या अंकांवर तक्ते आखायच्या रेघा, कोपरे आणि ठोकळे असतात. (या भांडणापायी पीसीसाठी इस्कीचं थोडं सरकवलेलं रूपही होतं, नशिबाने माझी फाइल सरळ मूळ इस्कीत होती.) म्हणून माझ्या पडद्यावर क म्हणजे एक उभी रेघ होती आणि द म्हणजे आडवी रेघ. ऱ्हस्व वेलांटी म्हणजे पांढरा ठोकळा. काना म्हणजे चौकटीचा वरचा डावा कोपरा आणि ड म्हणजे वरचा उजवा कोपरा. दोन्ही शेजारी आले की दाराच्या चौकटीचा वरचा भाग दिसतो. हे मानकाचा तक्ता मिळायच्या आधीच माझ्या नजरेत भरलं होतं. ही बिनदाराची चौकट फाइलभर विखुरली होती. तक्ता समोर ठेवल्यावर कळलं, ती कुठे झाडाच्या शेवटी होती, कुठे वाड्याच्या आत, आणि फार ठिकाणी वऱ्हाडच्या शेवटी.

रूपांतराचा प्रोग्राम चाळीसेक ओळींचा झाला. युनिकोडमधला देवनागरीचा विभाग मुळात १९८८च्या इस्कीवरूनच बेतलेला, त्यामुळे अनुक्रमही जवळपास तोच, जरा इकडेतिकडे सरकलेला. रात्री साडेअकराला मी प्रोग्राम चालवला आणि रेघांचा ढिगारा नाहीसा होऊन पहिली ओळ आली: अडणा, मग त्याचा अर्थ. मी बराच वेळ नुसता वर-खाली करत वाचत बसलो. फाइलला तीस वर्षं झाली होती आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. पऱ्हाटीतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र सुद्धा जागेवर होता. इस्कीत त्यासाठी ऱ आणि त्यापुढे हलन्त अशी सोय होती, आणि युनिकोडने ती इस्कीचा दाखला देऊन जशीच्या तशी उचलली. मराठीला हा र लागतो हे कुणीतरी त्या समितीत बसून लक्षात ठेवलं होतं, याबद्दल त्या अनोळखी माणसाचे मी त्या रात्री आभार मानले.

आता दुसरा भाग, १९९९चा.

तो मला सोपा वाटला होता. तोवर विंडोज आलं होतं, कार्डाची भानगड संपली होती. पुण्यातली श्रीलिपी, बंगळूरची आकृती, सीडॅकचंच आयएसएम, अशी मराठीची पाकिटं मिळू लागली होती आणि जोडीला पेजमेकर. महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, साप्ताहिकं, सहकारी संस्थांचे अहवाल यांची एक अख्खी पिढी या जोडीवर निघाली. मी ८६बॉक्स घेतला. हा एम्युलेटर नुसत्या प्रोसेसरचं नाही, तर अमुक एका मदरबोर्डासकट सगळ्या यंत्राचं सोंग घेतो. त्यावर विंडोज ९८ चढवलं, पेजमेकर ६.५ चढवला. सगळं चाललं. सुरुवातीचा तो आवाजसुद्धा आला. फाइल उघडली तर पेजमेकर म्हणाला, फॉन्ट सापडत नाही, दुसरा लावू का? लाव म्हटलं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, अधूनमधून फ्रेंच धाटणीचे टोपीवाले स्वर. पानभर.

दुकानदाराने फॉन्ट ज्या पाकिटातून घेतला होता ते पाकीट मी मिळवलं. ते चढलंही, पण सुरू होईना. त्याला कुलूप हवं होतं. प्रिंटरच्या पोर्टात खोचायचा एक प्लास्टिकचा ठोकळा असायचा, तो असला तरच सॉफ्टवेअर चालायचं. कंपनीकडे विचारलं तर ती आवृत्ती आम्ही कधीच बंद केली, नवी घ्या. नवी घ्यायला माझी ना नव्हती, पण नव्या आवृत्तीचे फॉन्ट वेगळे. कुलपाचंही सोंग घेणारे प्रोग्राम मिळतात. अमेरिकेत २००३ साली, कुलूप बिघडलं आणि त्याची बदली मिळत नसेल तर ते ओलांडायला कॉपीराइटच्या कायद्यातून सूट दिली गेली होती. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीत अशा तांत्रिक कुलपांना संरक्षण मिळालं, पण गुन्हा ठरायला हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. घरच्या माणसाचे घरचे शब्द वाचणं हा कुठला हक्कभंग? तरी मी त्या वाटेला गेलो नाही, कारण तोवर कळलं होतं की कुलूप उघडूनही फार काही हाती लागणार नाही.

मुद्दा असा की या फाइलीत मराठी वर्ण नव्हतेच. होते ते आकार. फॉन्ट बनवणाऱ्याने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवले होते: इथे अर्धा श, तिथे काना, त्या पलीकडे रफार. कुठला तुकडा कुठे, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. एका कंपनीचं दुसरीशी जुळत नाही, एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्याही कधीकधी जुळत नाहीत. मजकूर दिसण्यापुरता मराठी, आतून नुसता कातरकामाचा कागद. वेलांटी पडद्यावर आधी दिसते म्हणून फाइलमध्येही आधीच. संगणकाच्या दृष्टीने त्या फाइलीत एकही मराठी शब्द नाही. शोधता येत नाही, अनुक्रमे लावता येत नाही, फॉन्ट गेला की वाचताही येत नाही.

मी हे तेव्हाच्या लोकांना नावं ठेवायला लिहीत नाही. विंडोजमध्येच देवनागरी आली ती २००० साली, मंगल फॉन्टसकट. (मंगल काढला र. कृ. जोशींनी, कवी आणि सुलेखनकार. विंडोजमधली ही पहिली मराठी एका मराठी कवीच्या हातची आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?) तोवर दुकानदाराने काय करायचं होतं? त्याला शनिवारपर्यंत पत्रिका द्यायची होती. आणि छपाईत दिसलं पाहिजे सुंदर. ते कार्डवाल्या मराठीपेक्षा या फॉन्टांत खरोखरच सुंदर दिसत होतं. आजही तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानात कोपऱ्यात एक जुनं यंत्र धडधडत ठेवलेलं असतं, किंवा नव्या यंत्राच्या पोटात विंडोज एक्सपीचं सोंग चालू असतं, केवळ पेजमेकर आणि त्या एका फॉन्टसाठी. त्यांच्यासाठी एम्युलेशन ही हौस नाही, महिन्याच्या कमाईची बाब आहे.

तरीही उलटं घडलंय हे खरं. १९९३चं सॉफ्टवेअर मी कितीही आपटलो तरी मराठीत चालवू शकत नाही, पण त्यातला मजकूर बहुतेक सगळा परत मिळाला. १९९९चं सॉफ्टवेअर जवळजवळ सगळं चाललं आणि मजकूर अडकला. एम्युलेटरच्या चर्चेत आम्ही सगळे यंत्र वाचवण्याबद्दल बोलतो. माझ्या बाबतीत यंत्रापेक्षा, कुणीतरी वेळीच सरकारी दरात छापून ठेवलेला एक तक्ता जास्त कामाला आला.

दुसऱ्या भागासाठी शेवटी त्याच घराण्यातल्या जवळच्या एका आवृत्तीचा फॉन्ट मिळाला आणि त्याच्यावरून मी हाताने तक्ता बनवला. दोन आठवडे रोज रात्री. नव्वद टक्क्यांच्या पुढे मजकूर सरळ झाला. जो तुकडा मात्र नेमका त्या आवृत्तीत वेगळ्या जागी होता तो म्हणजे अर्धा र. जुन्या मराठी मजकुरात तुम्ही व-हाड, क-हाड, दो-या असं मधे आडवी रेघ घालून लिहिलेलं पाहिलं असेल; तो याच र चा मुडदा आहे. माझ्याकडे तर रेघही राहिली नाही, तो सरळ गळाला. दोऱ्या दिसलं दोया म्हणून, ते ओळखता येतं. पण दया आणि दऱ्या? सया आणि सऱ्या? दोन्ही शब्द खरे, प्रोग्रामला काय कळणार?

म्हणून मी सगळं छापून देऊळघाटला नेलं. मोठे बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ओटीवर बसून, शिक्षकाने पेपर तपासावा तसे ते पानं तपासत गेले. जिथे र गळला होता तिथे पेन्सिलीने बारीक कोर काढायची, पुढे जायचं. काही शब्दांपाशी ते अडायचे आणि म्हणायचे, हा मी लिहिला होता? मग हसायचे. स्वतःच्याच यादीतले कितीतरी शब्द त्यांना नवे वाटत होते.

शेतीच्या भागात फक्त एका जागी भोक होतं. फ्लॉपीवरचा एक सेक्टर गेला होता, ५१२ बाइट, म्हणजे ५१२ अंक, दहा-बारा शब्दांची ओळख. भोक स मध्ये होतं, आणि त्यानंतरचा मजकूर अर्ध्या वाक्यात सुरू होत होता: मागे बांधलेली पोकळ नळी, हिच्यातून दुसरं बी सोडतात. शब्द गेलेला, अर्थ शिल्लक.

मोठ्या बाबांनी चष्मा काढला. डोळे मिटून बराच वेळ बसले. मग आत हाक मारली, "अवं, तिफनीच्या मांगं बांधून बी सोडतेत, त्याले काय म्हनत होतो वं आपन?"

"सरतं," आतून मोठी आई म्हणाली. भाकरी थापायचा आवाज थांबला नव्हता. "तुमी कधी धरलं होतं का ते, का नुसतंच लिवलं?"

मोठ्या बाबांनी काही उत्तर दिलं नाही. समासात पेन्सिलीने सरतं लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात, जिथे शब्द कुणाकडून ऐकला ते लिहायचं असतं, तिथे तिचं नाव.